तहसीलदाराच्या दोन सह्या

काशीच्या दक्षिणेकडील वस्तीत कामाख्या देवीचे जे जुने देऊळ आहे, त्याच्यावरून त्या सबंध भागाला कमच्छा हे नाव पडले असून, विश्वनाथाच्या गल्लीतील गर्दी आणि घाटावरील घंटानाद येथवर फारसा पोहोचत नाही. या कमच्छात थिऑसॉफिकल सोसायटीच्या भारतीय शाखेचे झाडांनी भरलेले प्रशस्त आवार आहे, आणि त्याच्या जवळच ॲनी बेझंट यांनी १८९८ साली स्थापिलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजच्या इमारती आहेत, ज्यांच्यासाठी काशीनरेशांनी जागा दिली आणि ज्यांच्यातून पुढे १९१६ साली हिंदू विश्वविद्यालयाचा आरंभ झाला. या आवारात २८ डिसेंबर १९११ रोजी एक समारंभ झाला. 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' या नव्या संघाच्या सभासदांना प्रमाणपत्रे वाटावयाची, ती त्या संघाच्या सोळा वर्षे वयाच्या प्रमुखाने आपल्या हाताने द्यावयाची, आणि सभासदाने कागद घेऊन पुढे सरकावयाचे, एवढाच साधा बेत होता. परंतु कागद घेता घेता एकाएकी माणसे त्या मुलाच्या पायांवर लोटांगण घालू लागली, आणि मग ओळीतील वयस्क, पदवीधर, घरादाराची माणसे एकामागून एक तशीच जमिनीवर पडत गेली. त्या दिवसापासून २८ डिसेंबर ही तिथी त्या संघाने पवित्र मानली. जगद्गुरू ज्या देहात उतरणार तो देह हाच, अशी त्यांची श्रद्धा होती.

मुलाचे नाव जिद्दू कृष्णमूर्ती. त्याची आई सहा वर्षांपूर्वी वारली होती. परंतु बाप जिवंत होता, आणि या लेखात मला मुख्यतः त्या बापाविषयीच लिहावयाचे आहे. कृष्णमूर्तींच्या पुढील आयुष्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, बेझंटबाईंच्या राजकारणावर त्याहूनही अधिक. पण मुलांच्या ताब्याविषयी हा बाप आणि बेझंटबाई यांच्यामध्ये जो कज्जा उभा राहिला आणि चेंगलपटच्या जिल्हा न्यायालयापासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, त्याची हकीकत मराठीत क्वचितच सविस्तर सांगितली जाते, आणि ज्याला मुलाच्या पालकत्वाचा प्रश्न म्हणजे नेमका काय असतो हे समजून घ्यावयाचे आहे, त्याला या हकीकतीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडावयाचे नाही.

जिद्दू नारायणय्या हे मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात तहसीलदाराच्या हुद्द्यापर्यंत चढलेले तेलुगू ब्राह्मण होते. पट्टा, गहाणखत, कबुलायत, वारसाचा अर्ज असे कागद ज्यांच्या मेजावरून आयुष्यभर सरकले, त्या माणसाला सहीचे मोल ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. १८८२ पासून ते थिऑसॉफीचे अनुयायी होते. १९०५ साली पत्नी संजीवम्मा वारली. १९०७ च्या अखेरीस नोकरी संपली आणि हाती दरमहा ११२ रुपयांचे पेन्शन राहिले, जे पूर्वीच्या पगाराच्या निम्मे होते. चार मुलगे सांभाळावयाचे, त्यांची शिक्षणे व्हावयाची; म्हणून सोसायटीच्या अड्यार येथील मुख्य कचेरीत काम करण्याची त्यांनी बेझंटबाईंकडे पुनःपुन्हा मागणी केली, आणि अखेर जानेवारी १९०९ मध्ये ते मुलांसह तेथे येऊन राहिले. त्याच वर्षी समुद्रकाठी लेडबीटर नावाच्या वजनदार थिऑसॉफिस्टाची दृष्टी या मुलांपैकी कृष्णावर गेली आणि या मुलाच्या ठिकाणी काही अलौकिक आहे असे त्याने जाहीर केले. शाळेत मार खाणारा, अशक्त, अभ्यासात मागे पडलेला तो मुलगा. त्याला आणि त्याचा धाकटा भाऊ नित्यानंद याला शाळेतून काढून सोसायटीच्याच माणसांकडून शिक्षण देण्यास प्रारंभ झाला.

६ मार्च १९१० रोजी नारायणय्यांनी एका पत्रावर सही करून या दोन मुलांचे पालकत्व बेझंटबाईंकडे सोपविले. पैसा घेतला नाही, मालमत्तेचा प्रश्न नव्हता. मुलांना इंग्लंडात नेऊन ऑक्सफर्डचे शिक्षण द्यावयाचे आणि सर्व खर्च बाईंनी सोसावयाचा, असा उभयतांचा समज होता. एखाद्या विधुराने, ज्या संस्थेवर आपली अठ्ठावीस वर्षांची श्रद्धा आहे तिच्या अध्यक्षांच्या हाती आपली मुले विश्वासाने द्यावीत, यात मला तरी लोभ दिसत नाही. तथापि असा कागद करण्यापूर्वी त्यांनी कोणा त्रयस्थ वकिलाला विचारले असते, तर एका गोष्टीचा उलगडा त्यांना त्याच दिवशी झाला असता, जो व्हावयास पुढे चार वर्षे आणि तीन न्यायालये लागली.

आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यावर अज्ञान मुलाचे नाव असले म्हणजे त्याला जोडून 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे लिहून मग वडीलधाऱ्याचे नाव लिहिण्याची वहिवाट आहे. अज्ञान पालन कर्ता असा त्या अक्षरांचा विस्तार. जमीन मुलाची आणि वडील माणूस हा केवळ तिचे व त्याचे पालन करणारा, हा अर्थ त्या अक्षरांत साठविलेला आहे आणि खेड्यातील तलाठ्यालाही तो कळतो. परंतु जमिनीच्या बाबतीत जे कळते ते खुद्द मुलाच्या बाबतीत मात्र माणसे विसरतात, आणि मूल हे आपल्या मालकीचे असून शेताच्या तुकड्याप्रमाणे ते कागदाने दुसऱ्याच्या नावे करून देता येते किंवा कागद फाडून परत घेता येते, अशा समजुतीने आई, बाप, आजे, काके परस्परांशी भांडू लागतात. नारायणय्यांनी कागद केला तो या समजुतीने, आणि बेझंटबाईंनी तो स्वीकारला तोही बहुधा याच समजुतीने. वास्तविक बाईंना तरी हा विषय नवा नव्हता. मुलाच्या ताब्याचा अर्थ काय असतो हे त्यांच्याइतके जळून शिकलेले माणूस त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच असेल.

१८६७ साली वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचे फ्रँक बेझंट नावाच्या पाद्र्याशी लग्न झाले. एक मुलगा, एक मुलगी; पुढे पत्नीची धर्मश्रद्धा डळमळली, घर मोडले आणि १८७३ साली विभक्ततेचा दस्त झाला, त्यात मुलगा डिग्बी बापाकडे आणि धाकटी मेबल आईकडे अशी वाटणी झाली. तोही एक कागदच होता, उभयतांच्या सह्यांचा. १८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह संततिनियमनावरील एक जुनी पुस्तिका पुन्हा छापल्याबद्दल बाईंवर खटला झाला, आणि पुढच्याच वर्षी नवऱ्याने चॅन्सरी न्यायालयात अर्ज केला, की असली पुस्तके छापणाऱ्या आणि मुलीला धर्मशिक्षण न देणाऱ्या नास्तिक स्त्रीकडे आपली मुलगी राहू नये. सर जॉर्ज जेसेल यांच्यापुढे बाई वकील न देता स्वतः उभ्या राहिल्या. एक स्त्री आपला दावा आपणच चालविणार, याचेच त्या न्यायाधीशांना प्रथम नवल आणि मग वैषम्य वाटले. आईने मुलीचे लालनपालन ममतेने केले याविषयी कोणाचा आक्षेप नव्हता. तरीही निकाल बापाकडे गेला. आठ वर्षांची होत आलेली मेबल तापातून नुकतीच उठली होती. नवऱ्याचा माणूस दारात आला आणि रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या त्या पोरीला बळाने घेऊन गेला. अपिलात मूळ निकाल कायम राहिला. भेटीगाठींनी मुलांची ओढाताण होते असे पाहून, ती जाणती होऊन आपला आपण निर्णय करतील तोवर त्यांना भेटावयाचे नाही असे बाईंनी ठरविले, आणि ते पाळले.

ही आई बत्तीस वर्षांनी नारायणय्यांचा कागद हातात घेते, तेव्हा तिच्या मनात काय आले असेल याची कल्पना करण्याचा मोह मी आवरतो. एवढे मात्र नमूद केलेच पाहिजे, की दोन अनाथवत मुलांवर तिने जे प्रेम केले ते खरे होते आणि मुलांनीही ते खरे मानले. कृष्णमूर्ती अखेरपर्यंत तिला आईच्या नात्याने ओळखत राहिले. प्रेमाचा खरेपणा हा या कज्ज्यात कधी वादाचा मुद्दाच नव्हता.

सप्टेंबर १९१० मध्ये मुले बाईंबरोबर काशीस आली. कॉलेजचे प्राचार्य जॉर्ज अरुंडेल व काही अध्यापक यांच्या लहानशा मंडळींत कृष्णमूर्ती उपदेशाचे पाठ सांगू लागला. जानेवारी १९११ मध्ये अरुंडेल यांनी काशीतच भावी जगद्गुरूच्या स्वागतासाठी एक संघ काढला, जो लवकरच 'स्टार'चा संघ म्हणून सर्वत्र पसरला. त्याच वर्षी मुले इंग्लंडास जाऊन आली, आणि वर्षअखेरीस कमच्छातील तो समारंभ झाला, ज्याने या लेखाचा आरंभ केला आहे.

अड्यारला बसून नारायणय्या हे सर्व ऐकत होते. मुलगा शिकून बॅरिस्टर किंवा कलेक्टर होईल अशा अपेक्षेने ज्याने सही केली, त्या बापाला आपला मुलगा देव म्हणून पुजला जात आहे हे कसे रुचावे? त्यातून लेडबीटरविषयी पूर्वीपासून गंभीर प्रवाद होते आणि या गृहस्थाच्या सहवासापासून मुले दूर ठेवावीत असा त्यांचा आग्रह होता. १९११ च्या अखेरीस त्यांनी न्यायालयाची भाषा काढली. बाईंनी त्यांची समजूत घातली, मुलांना लेडबीटरपासून वेगळे ठेवण्याची हमी दिली असे नारायणय्या पुढे सांगत आले, आणि १९ जानेवारी १९१२ रोजी त्यांनी आणखी एका कागदावर सही केली: मुलांना इंग्लंडास नेण्यास आपली हरकत नाही.

ही दुसरी सही पहिलीहून घातक ठरली. मनात शंका, ओठावर कोर्टाची धमकी, आणि हातात लेखणी, अशा अवस्थेत त्यांनी संमती लिहून दिली. आणि मुलाच्या ताब्याचा तंटा जवळ आला असे ज्याला वाटते, त्याने वकिलाच्या पायरीवर जाण्याचा क्षण हाच असतो. कागद झाल्यानंतरचा क्षण नव्हे आणि मूल सरहद्दीपलीकडे गेल्यानंतरचा तर नव्हेच. फेब्रुवारीत बाई मुलांसह मुंबई बंदरातून निघून गेल्या. युरोपात सिसिली बेटावरील ताओर्मिना येथे मुले काही महिने राहिली, आणि तेथे लेडबीटर त्यांच्याबरोबर होता. ही बातमी अड्यारला पोहोचली तेव्हा नारायणय्यांनी जुलैमध्ये बाईंना लिहून आपला अधिकार परत घेतला आणि मुले परत आणून द्यावी अशी मागणी केली. उत्तर समाधानकारक आले नाही. ऑक्टोबर १९१२ मध्ये त्यांनी चेंगलपट येथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला.

दाव्याचे कामकाज मद्रासच्या हायकोर्टाने आपल्याकडे ओढून घेतले आणि मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. नारायणय्यांच्या बाजूस सी. पी. रामस्वामी अय्यर होते, जे पुढे तीनच वर्षांत होमरूलच्या चळवळीत याच बाईंचे सहकारी व्हावयाचे होते. बाई पुन्हा एकदा वकिलावाचून, आपल्याच मुखाने बाजू मांडण्यास उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांपूर्वी हातची मुलगी सोडविण्यासाठी ज्या उभ्या होत्या, त्या आज दुसऱ्याची मुले हाती राखण्यासाठी उभ्या होत्या, आणि समोर एक बाप होता. नारायणय्यांच्या बाजूने लेडबीटरवर अत्यंत घाणेरड्या वर्तनाचा आरोप करण्यात आला. हा आरोप शाबीत झाला नाही. मात्र त्या माणसाची मते अशी आहेत की त्याच्या सहवासात मुले ठेवणे योग्य नाही, असे न्यायमूर्तींचे मत पडले. १५ एप्रिल १९१३ रोजी निकाल झाला: मुले न्यायालयाच्या संरक्षणाखालील अज्ञान म्हणून घोषित झाली आणि २६ मेपर्यंत ती बापाच्या स्वाधीन करावी असा हुकूमनामा झाला. पण शाबीत न झालेले आरोप केल्याबद्दल दाव्याचा खर्च मात्र जिंकलेल्या बापावरच बसला.

खर्चाच्या या हुकमापाशी मी वाचकाला क्षणभर थांबवू इच्छितो. मुलाच्या ताब्याच्या तंट्यात दुसऱ्या पक्षाला काळा करण्याचा मोह फार मोठा असतो. अर्जात नुसते 'मुलाचे हित माझ्याकडे आहे' असे लिहून पक्षकाराचे समाधान होत नाही, त्याला व्यभिचार, दारू, वेड, विष यांचे आरोप जोडावयाचे असतात, आणि पुष्कळ वकीलही ते जोडून देतात. नारायणय्यांची मूळ तक्रार सरळ होती: मला जे सांगितले त्याहून वेगळे घडत आहे, म्हणून माझी मुले मला द्या. पण साऱ्या मुलखातील वर्तमानपत्रांनी ती तक्रार बाजूला सारून उचलून धरले ते आरोपच. आणि ज्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचे नाव त्या आरोपांच्या शेजारी छापून येत होते, हे कोणालाच दिसले नाही असे वाटते.

बाईंनी अपील केले. मुख्य न्यायाधीश सर आर्नल्ड व्हाइट आणि न्यायमूर्ती ओल्डफील्ड यांनी २९ ऑक्टोबर १९१३ रोजी ते फेटाळले. हुकमाची अंमलबजावणी मात्र तहकूब राहिली होती, मुले इंग्लंडातच होती, आणि बाईंपुढे आता प्रिव्ही कौन्सिलचाच दरवाजा उरला.

त्या काळच्या मराठी वाचकाला प्रिव्ही कौन्सिल परके नव्हते. ताईमहाराज प्रकरणात, बाबामहाराजांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त म्हणून घेतलेल्या दत्तकाच्या पायी लोकमान्यांना चौदा वर्षे जी यातायात पडली, तिचा शेवटचा निकाल याच पीठाने मार्च १९१५ मध्ये दिला. तेथेही मध्यभागी एक अज्ञान मुलगा होता, जगन्नाथ. पण तेथे वाद दत्तकविधी झाला की नाही याचा, म्हणजे वारशाचा होता, आणि मुलाला काय हवे हे विचारण्याची कोणाला गरज पडली नाही. बेझंट प्रकरण लॉर्ड पार्कर यांच्या हाती आले तेव्हा त्यांनी नेमकी हीच गरज पुढे आणली.

२५ मे १९१४ चा तो निकाल लहान आहे. त्यात प्रथम नारायणय्यांचा मोठा मुद्दा मान्य झाला आहे: हिंदू बापाचे पालकत्व हा एक पवित्र विश्वास असून, आपल्या हयातीत तो ते दुसऱ्याला कायमचे देऊन टाकू शकत नाही, त्याने शिक्षणासाठी मूल दुसऱ्याच्या हाती सोपविले तरी ती सोपवणूक रद्द करण्याचा अधिकार त्याच्यापाशी राहतो. म्हणजे १९१० चा कागद बाईंना मालक करीत नव्हता. परंतु याच वाक्याच्या पोटात दुसरा अर्थ आहे. त्या सोपवणुकीच्या भरवशावर मुलाचे आयुष्य एका वळणाला लागले असेल, नवी नाती जुळली असतील, काही आशा निर्माण झाल्या असतील, आणि त्या मोडणे मुलाच्या हिताचे नसेल, तर न्यायालय बापालाही तो कागद रद्द करू देणार नाही. म्हणजे १९१२ च्या फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक महिना, ऑक्सफर्डच्या तयारीचा, इंग्लंडातील मायेच्या माणसांचा, बापाचा हक्क झिजवीत होता. उशीर हा ताब्याच्या दाव्यात स्वतःच एक साक्षीदार होऊन बसतो.

मग हद्दीचा प्रश्न. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम म्हणतो, की अज्ञान व्यक्तीच्या शरीराच्या पालकत्वाचा अर्ज ती जेथे सामान्यतः राहत असेल त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करावा. बाप चेंगलपट जिल्ह्यात राहत होता. मुले तेथे राहत नव्हती, ती अनेक महिन्यांपूर्वी शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडास गेली होती. तेव्हा चेंगलपटच्या न्यायालयाला या बाबतीत अखत्यारच नव्हता. शिवाय त्या अधिनियमाने अर्जाची जी रीत सांगितली आहे ती सोडून नारायणय्यांनी वादी विरुद्ध प्रतिवादी असा साधा दिवाणी दावा केला होता, जणू काही एखाद्या वाड्याचा कबजा मागावयाचा होता. या दाव्यात मुले पक्षकार नव्हती, त्यांच्या वतीने कोणी बोलले नव्हते, त्यांची इच्छा कोणी अजमावली नव्हती. आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांना समुद्रापार आणून हजर करण्याचा हुकूम एका स्त्रीवर झाला होता, जो इंग्लंडच्या कायद्याला धक्का न लावता पाळणे तिला शक्य नव्हते. मद्रासचे दोन्ही निकाल रद्द झाले. नारायणय्यांना इच्छा असेल तर त्यांनी इंग्लंडच्या हायकोर्टात दाद मागावी, एवढा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा ठेवण्यात आला.

इंग्लंडचे हायकोर्ट, म्हणजे त्याचा तोच चॅन्सरी विभाग, ज्याने १८७८ साली मेबलला आईच्या घरातून काढून बापाकडे दिले. दरमहा ११२ रुपयांच्या पेन्शनरास त्या दारापर्यंत जाणे कोठून जमावे? नारायणय्या गेले नाहीत. शिवाय दोघांतील थोरला मुलगा मे १९१३ मध्येच अठरा वर्षांचा झाला होता, आणि १८७५ च्या कायद्याप्रमाणे, न्यायालयाने पालक नेमलेला नसेल तर, त्या काळी अठराव्या वर्षी अज्ञानत्व संपत असे. न्यायालये निकालपत्रे लिहीत होती तोवर मूल सज्ञान झाले होते.

या निकालाची दोन सूत्रे, पालकत्व हा विश्वास आहे आणि मुलाचे हित बापाच्या हक्काहून वरचढ आहे, पुढील कायद्यात रुजली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मुलाचे कल्याण हेच सर्वश्रेष्ठ गमक ठरविले आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले. बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, हा जो त्यातील क्रम, त्याचा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केले. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीशाने त्याची पसंती विचारात घ्यावी, हे मात्र १८९० च्या कायद्यातच लिहिलेले होते, मद्रासेत ते कोणी उघडून पाहिले नाही इतकेच. आजही विभक्त होणारी जोडपी घरच्या वडीलधाऱ्यांसमोर बसून, मुद्रांकावर, मूल कोणाकडे राहील याचा कागद करतात आणि तो निर्णायक समजतात. असा कागद निरर्थक नसतो, न्यायालय तो वाचते. पण तो न्यायालयाला बांधीत नाही. तेव्हा सही करण्यापूर्वीच, किंवा मुलाला परगावी, परदेशी नेण्याची भाषा निघाली की त्याच आठवड्यात, ज्या जिल्ह्यात मूल प्रत्यक्ष राहत आहे तेथील जाणत्या वकिलाला गाठावे. पैसा नाही म्हणून नारायणय्यांप्रमाणे थांबू नये, कारण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो, ही तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे आणि ती माहीत नसलेली आई मला अजूनही वारंवार भेटते.

काशीत या प्रकरणाचे पडसाद कज्ज्याच्या आधीच उमटले होते. ज्या भगवानदासांनी बाईंच्या खांद्याला खांदा लावून कॉलेज उभारले, तेच या नव्या संप्रदायाविरुद्ध उभे राहिले. हिंदूंच्या विद्यालयात एका मुलाची पूजा कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. अरुंडेल आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ अध्यापक १९१३ च्या सुमारास कॉलेज सोडून गेले. ऑक्सफर्डनेही या मुलांना दार उघडले नाही. ज्या शिक्षणाच्या आशेवर प्रिव्ही कौन्सिलचा निकाल बराचसा उभा होता ते शिक्षण कृष्णमूर्तींना मिळालेच नाही, आणि प्रवेशाच्या परीक्षांतही त्यांना यश आले नाही. नित्यानंद तेवढा कायदा शिकला, ज्या कायद्याने त्याला बापापासून दूर ठेवले तोच कायदा. १९२९ साली कृष्णमूर्तींनी 'स्टार'चा संघ आपल्या हाताने विसर्जित केला. काशीस मात्र ते येत राहिले. वरुणा जेथे गंगेला मिळते त्या बाजूस राजघाटच्या उंच काठावर १९२८ साली घेतलेल्या जमिनीवर त्यांची शाळा उभी राहिली. काशीहून सारनाथास जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट त्याच आवारातून जाते, आणि ती अडविलेली नाही.

बेझंटबाईंची मेबल आणि डिग्बी, दोघेही सज्ञान झाल्यावर आपण होऊन आईकडे आली होती. नारायणय्यांचे मुलगेही आले, पण उशिरा. १९२१ च्या अखेरीस दोघे भाऊ हिंदुस्थानात परतले, एक सव्वीस वर्षांचा, एक तेवीस वर्षांचा, दोघांच्याही अंगावर विलायतेची दहा वर्षे. आणि मद्रासला पोहोचल्यावर ते बापाला भेटावयास गेले. बेकवेलसाहेबांच्या हुकमानंतर साडेआठ वर्षांनी, कोणाच्याही हुकमावाचून, दोघांनी वाकून त्याच्या पायांवर डोके ठेवले. त्यानंतर नारायणय्या फार वर्षे जगले नाहीत, आणि त्यांच्या पाठोपाठ नित्यानंदही गेला.